न घेतलेलं नाव

१

कपाटाचं कुलूप जागच्या जागी होतं, चावी सिद्धेश्वरच्या कमरेला होती, आणि आतला लॅपटॉप तेवढा गायब झाला होता.

हुलसूरच्या त्या कॉलेजात वस्तू जाणं काही नवं नव्हतं. पोरं माऊस खिशात घालून न्यायची, मास्तर लोक चार्जर घरी न्यायचे आणि विसरायचे, कुणी कुणाला बोलायचं नाही. पण हा लॅपटॉप उमादेवीबाईंचा होता. बाईंनी तिथं जन्मभर मराठी शिकवलं आणि ऐन श्रावणात पोटाच्या दुखण्यानं त्या गेल्या. त्यांचे यजमान बसवप्रभु हे संस्थेचे सेक्रेटरी. बाई गेल्यावर त्यांनी तो लॅपटॉप भाषा विभागाच्या कपाटात जमा करून टाकला, आणि संक्रांत झाल्यावर संगणकखोली सांभाळणाऱ्या सिद्धेश्वरला सांगितलं, ह्यातलं सगळं पुसून टाक आणि पोरांना वापरायला दे. पुसायला म्हणून कपाट उघडलं तर आत काहीच नाही. हे सांगितलं तेही सिद्धेश्वरनंच.

आता ज्याच्या कमरेला चावी त्याच्यावरच बोट जाणार, दुसरं काय होणार? सोमवारी सकाळी ठाण्यात तक्रार द्यायची असं ठरून गेलं. सिद्धेश्वर अजून कायम झालेला नव्हता, म्हणजे नोकरी तर जाणारच. पण नोकरीचं एक वेळ राहू द्या, एवढ्याशा गावात चोर म्हणून नाव पडलं की ते पोराबाळांपर्यंत पुरतं. आणि हा बाबा मान खाली घालून उभा. मी नेला नाही असंही म्हणेना आणि नेला असंही म्हणेना.

ह्या सगळ्या गोंधळात शनिवारी सकाळच्या गाडीनं कलबुर्गीहून जयंती येऊन उतरली. ती काही चोर धरायला आलेली नव्हती बरं का. कॉलेजला वरून तपासणी यायची होती. आवारात कोणकोणती मशीनं आहेत, कुठं आहेत, त्यांच्या पोटात कोणते प्रोग्राम आहेत, ह्याचा आपोआप शोध घेणारी व्यवस्था नेटवर्कवर बसवून द्यायची, हा तिचा धंदा. लोकांना समजावून सांगताना ती म्हणायची की हा एक शिरगणतीवाला समजा. मी त्याला गल्ल्या सांगते, वेळ सांगते आणि हातात एक चावी देते. तो दारोदार टकटक करतो. जे मशीन जागं असेल ते ओ देतं, आपलं नाव सांगतं. चावी चालली तर तो आत डोकावून सामानसुमान बघून येतो. झोपलेल्या मशीनचा मात्र त्याला पत्ता लागत नाही.

बसवप्रभूंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. उंच माणूस, कपाळावर विभूती, आणि चेहरा असा की रडायचं राहून गेलंय हे लांबूनही कळावं. त्यांनी विचारलं, तो लॅपटॉप आवारात असला तर ह्यात सापडेल का? कुणी चालू करून इथल्या वायफायला जोडला तर सापडेल, जयंती म्हणाली.

"मग बघा," ते म्हणाले. "आवारात असला तर कुठंतरी चुकून पडलाय म्हणू. न्हाई सापडला तर त्यानं बाहेर इकला. मग सोमवारी माझ्याकडं दयामाया न्हाई."

म्हणजे यंत्रं मोजायला आलेल्या बाईच्या गळ्यात एका माणसाची अब्रू येऊन पडली. जयंतीला ते मुळीच आवडलं नाही, पण नाही म्हणायचं तिच्या तोंडी आलं नाही.

२

शिरगणतीवाल्याला आधी गल्ल्या सांगाव्या लागतात. त्या सिद्धेश्वरनं सांगितल्या. आवारातल्या सगळ्या तारा त्यानंच ओढलेल्या, त्यामुळं कागद न बघता तो बोलत गेला. ऑफिस, संगणकखोली, ग्रंथालय, मुलींचं वसतिगृह. जयंती एकेक पत्त्यांची ओळ भरत गेली. मग कधी चालवायचं, असं तिनं विचारलं.

"दुपारीच चालवा मॅडम," तो म्हणाला. "सांजच्याला इकडं रोज लाईट जायलीय."

बोलताना तो तिच्याकडं बघत नव्हता. हात मात्र कामसू आणि स्वच्छ, आणि आवाजात कुठं लबाडी नाही. चोर असा असतो का, असं जयंतीच्या मनात आलं. आणि चोर कसा असतो हे आपल्याला तरी कुठं ठाऊक आहे, असंही लगेच आलं.

मग आले राजशेखर सर. हे संगणक शिकवायचे आणि हा लॅपटॉप आपल्या विभागाला मिळावा म्हणून बसवप्रभूंशी चांगले भांडलेही होते. हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. म्हणाले, कुणी सांगायच्या आत मीच सांगतो, म्हणजे माझ्यावरचा संशय उतरेल. मोठा गमत्या माणूस. त्यांच्याकडून एक कामाची गोष्ट कळली. संस्थेत मशीन दान आलं की ज्याच्या नावानं दान, त्याचंच नाव मशीनला द्यायचा रिवाज होता. ऑफिसात एक जगदेवप्पा होता, ग्रंथालयात एक कमलबाई. उमादेवीबाईंचा लॅपटॉप बसवप्रभूंनी आपल्या आईच्या नावानं दिलेला. आई म्हणजे लिंगम्मा, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेली म्हातारी, कुठं बाहेर न पडणारी. म्हणजे मशीनचं नाव लिंगम्मा, वर तसं स्टिकरही लावलेलं. मशीनमध्ये नाव घालायचं काम ज्याचं त्यानं करायचं, तेव्हा ते बाईंनीच घातलेलं असणार.

बाईंचा विषय निघाला तसे सर हसले. बाईंच्या खोलीत गेलं की त्या कधी बसा म्हणायच्या नाहीत म्हणे. टेका सर, म्हणायच्या. बसवकल्याणला जायचं तर नुसतं कल्याण, आणि तिथल्या बसवेश्वर चौकाला घोड्याचा चौक. पोरं मागून नकला करायची आणि बाई स्वतःच हसत सुटायच्या. सांगता सांगता सरांचे डोळे भरून आले आणि चष्मा पुसायचं निमित्त करून ते उठले.

दुपारी शिरगणतीवाला निघाला. पडद्यावर एकामागून एक नावं उमटत गेली. जगदेवप्पा आला, कमलबाई आली, ऑफिसातलं छापायंत्र आणि फाटकावरचे कॅमेरेसुद्धा ओ देऊन गेले. लिंगम्मा काही आली नाही.

जयंतीनं दोनदा शोधलं, स्पेलिंग बदलून शोधलं. नाही म्हणजे नाहीच. मागं उभ्या असलेल्या सिद्धेश्वरनं हळूच श्वास सोडलेला तिला ऐकू आला. ज्याची सुटका त्या नावावर अवलंबून, तो नाव न सापडल्यावर सुस्कारा कशाला टाकतो? ती वळली तेव्हा तो निघून गेला होता.

३

तिनं मग तारांचा नकाशा काढून बघितला, आणि तिला दिसलं की एक गल्ली राहिलीय. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागच्या भिंतीवर वायफायची एक पेटी होती. तिची पत्त्यांची ओळ सिद्धेश्वरनं सांगितलेलीच नव्हती. विसरला म्हणावं, तर ती तार त्यानं स्वतः शिडी लावून ओढलेली. आणि आणखी एक. वीज जाते म्हणतो, तर आदल्या महिन्याभरात संध्याकाळी वीज गेल्याची एकही खूण तिला यंत्रांमध्ये सापडेना.

जयंती कुणाला काही बोलली नाही. तिनं ती ओळ भरली आणि दिवेलागणीलाही शोध चालावा अशी वेळ लावून दिली. मग चहा मागवला आणि राजशेखर सरांशी सोयाबीनच्या भावाविषयी बोलत बसली.

बाहेर अंधारून आलं, वसतिगृहात मुलींची प्रार्थना सुरू झाली, आणि पडद्यावर एक नवं नाव उमटलं. AVVA.

अव्वा. पेटी स्वयंपाकघरामागची. चावी चालली होती, शोध आत डोकावून आला होता. आत सामान फारसं नव्हतं. एक आवाज रेकॉर्ड करायचा प्रोग्राम आणि एक मराठी टायपिंगचा. जरा वेळानं ते मशीन पुन्हा झोपी गेलं.

राजशेखर सर म्हणाले, त्यात काय एवढं, अव्वा म्हंजे आपली यल्लम्मा. ती वसतिगृहाची मुख्य स्वयंपाकीण, मुली तिला अव्वाच म्हणतात. शिधा मोजायला तिच्याकडं एक जुनं मशीन दिलंय, पोरी त्यावर गाणी लावत असतील. इतक्यात बसवप्रभु आत आले. त्यांनी ऐकलं आणि त्यांच्या कपाळाची शीर उठली. आवाजाचा प्रोग्राम तर उमाच्या लॅपटॉपमध्ये होता, ते म्हणाले, म्हंजे ह्या दोघांनी मिळून नेला आणि नाव बदलून किचनमध्ये लपवला. सोमवारी एकाच्या जागी दोन नावं जातील.

 सोडवायला गेले एकाला आणि अडकवलं आणखी एकीला. ती तशीच उठून स्वयंपाकघराकडं गेली.

यल्लम्मा तव्यापाशी होती. मशीनचं विचारल्यावर तिनं भाकरी उलटवून कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं कांद्याच्या पोत्याखाली एक धुळकट पडदा आणि एक डबा पडला होता. दसऱ्यालाच बंद पडलेला, तेव्हापासून कुणी दुरुस्त केला नाही. जयंतीनं वायर हातात घेतली. ती उंदरांनी कुरतडलेली होती.

मग आत्ता ओ कुणी दिली?

४

रविवारी सकाळी ती पुन्हा यल्लम्माकडं गेली. बाई पहिल्यांदा घाबरली, मग चिडली, मग तिनं पाट सरकवून कांदेपोहे पुढं केले. म्हणाली, मला पोरी अव्वा म्हणतात हे खरं, पण अव्वा म्हंजे आई, ह्या मुलखात अव्वा काय मी एकटी हाय? दर घरात एक अव्वा हाय. आणि माझं नाव मशीनवर कोण लिवणार, मला लिवता येत न्हाई, पोरींना येळ न्हाई.

उमादेवीबाईंचं नाव काढलं तशी तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. बाईंचं घर ह्या भिंतीपलीकडंच. रोज कॉलेजातून घरी जाताना स्वयंपाकघरातून वाट काढायच्या, मुलींना काय केलंय ते चाखून बघायच्या. एकदा तर येऊन चिंचोका मागितला.

"चिंचोका कशाला?"

"तेच मी म्हणले. चिंचोका कामून लागतोय बाई? तर म्हणल्या, मशीनला चिकटवायचाय." यल्लम्मा रडता रडता हसली. "इतकी शिकलेली बाई, आणि मशीनला चिंचोका चिकटवायलीय. मी निवडून चांगला टपोरा दिला."

जयंती बाहेर येऊन कडुलिंबाखाली उभी राहिली. चिंचोका, अव्वा, आवाजाचा प्रोग्राम, दिवेलागण. सगळे मणी हातात होते आणि दोरा सापडत नव्हता. तेवढ्यात आईचा फोन आला.

आई म्हणजे शारदाबाई. तिला रविवारी सगळी हकीकत सांगायची असते. काय जेवलीस, कधी येणार, मी मठात जाऊन आले, आचार्यांनी पळीतलं पाणी दिलं, तुझ्यासाठीही बाटलीत आणलंय. जयंती हं हं करत होती, ती एकदम थांबली.

पळीतलं पाणी. आईनं आयुष्यात तीर्थ हा शब्द उच्चारलेला नाही. कारण जयंतीच्या वडिलांचं नाव जयतीर्थ. दवाखान्यात नवऱ्याचं नाव विचारलं की ती जयंतीला पुढं ढकलायची, तू सांग. वडील जाऊन सहा वर्षं झाली, तरी तीर्थ अजून पळीतलं पाणीच आहे. लहानपणी जयंतीला त्याची लाज वाटायची. आज कडुलिंबाखाली तिला आईची फार माया आली. आई तिकडून विचारत राहिली, अगं आहेस का, आणि ही नुसती मान हलवत राहिली.

टेका सर. कल्याण. घोड्याचा चौक. बाईंच्या यजमानांचं नाव बसवप्रभु. आणि जी बाई नवऱ्याच्या नावातली दोन अक्षरंही तोंडातून काढत नाही, ती सासूचं नाव मशीनमध्ये टाईप करेल होय?

५

सिद्धेश्वर संगणकखोलीत एकटाच फरशी पुसत होता. जयंतीनं त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि जराही आवाज न चढवता सांगायला सुरुवात केली. नाव कुणी बदललेलंच नाही. मशीन पहिल्या दिवसापासून अव्वाच आहे. रिवाजाप्रमाणं लिंगम्मा लिहायचं होतं, पण सुनेनं सासूचं नाव कसं घ्यायचं, म्हणून बाईंनी घरात जे म्हणायच्या तेच लिहिलं. स्टिकरवर लिंगम्मा, आत अव्वा. म्हणून आपण सगळे भलत्याच नावानं हाका मारत बसलो. चिंचोका चिकटवला तो बोटांसाठी. ज्याला डोळ्यांनी दिसतं त्याला कळीवर खूण लागत नाही. भिंतीपलीकडं दृष्टी नसलेलं माणूस एकच आहे. आणि तू गल्ली चुकवलीस, दुपारची वेळ सांगितलीस, कारण दिवेलागणीला तिथं काय चालू असतं हे तुला ठाऊक होतं.

सिद्धेश्वरनं फडकं बादलीत टाकलं आणि तो खालीच टेकला.

हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. बाई रोज लॅपटॉप घरी न्यायच्या आणि अव्वाला वाचून दाखवायच्या. शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या काळच्या संतांच्या गोष्टी, पेपर, काय हाताला लागेल ते. दुखणं वाढल्यावर त्यांना कळून चुकलं. मग रोज थोडं थोडं वाचून त्यांनी आवाज भरून ठेवला आणि चिंचोक्याची कळ दाबली की तो सुरू व्हावा अशी सोय सिद्धेश्वरकडून करून घेतली. बाई गेल्या, आणि आठ दिवसांत साहेबांनी लॅपटॉप घरातून काढला. म्हातारीनं अन्न कमी केलं. तरी तो गप्प होता. पण साहेब पुसून टाक म्हणाले, तेव्हा त्याच्यानं राहवलं नाही. आधी त्यानं आवाज दुसऱ्या यंत्रात भरून द्यायचा प्रयत्न केला होता. अव्वानं ते यंत्र हातानं चाचपलं आणि परत दिलं. ह्याला चिंचोका न्हाई, म्हणाली. मग त्यानं लॅपटॉपच नेऊन तिच्या मांडीवर ठेवला. साहेब संध्याकाळी देवळात जातात, तेवढा वेळ ती ऐकते, आणि ते यायच्या आत अंथरुणाच्या वळकटीत घालून ठेवते. पोराला कळू देऊ नको म्हणून तिनं त्याच्याकडून गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून वचन घेतलेलं.

"म्हणून खोटं बी बोलता येईना आणि खरं बी," तो म्हणाला. "मॅडम, अव्वाचं तेवढं सुख ठेवा. मी जातो की लातूरला न्हाईतर पुण्याला. कुठं बी पोट भरंल माझं."

जयंतीला त्याचा राग आला. असला कसला चांगुलपणा, की ज्याची शिक्षा ह्याच्या बायकापोरांनी भोगायची! पण राग टिकेना. सांगावं तर म्हातारीचा आवाज जातो, न सांगावं तर हा माणूस उद्या चोर ठरतो. दुपारभर ती तशीच बसून राहिली. मग उठून सेक्रेटरींच्या खोलीत गेली आणि म्हणाली, लॅपटॉप सापडलाय सर, पण तुम्हाला माझ्यासोबत चालत यावं लागेल, आणि आज देवळात जाता येणार नाही.

६

वाटेत तिनं सगळं सांगून टाकलं. काही झाकलं नाही. बसवप्रभु मध्येच उभे राहिले.

"माझ्या घरात, माझ्याच पाठीमागं," ते म्हणाले.  "तुम्हाला वाटतंय मी दगड हाय. ती गेल्यावर आठ दिवस अव्वा तो आवाज लावायची. मी ऑफिसातून यायचो, दारात चपला काढायचो, आणि आत ही वाचायलीय. रोज वाटायचं, हाय की ही घरात. रोज आत जाऊन बघायचो. कुणी न्हाई. असं किती दिवस जाऊन बघावं माणसानं?"

 मग ते पुन्हा चालू लागले. स्वयंपाकघराच्या भिंतीला वळसा घालून घर आलं. दार लोटलेलं होतं. फटीतून समईचा उजेड येत होता, आणि आवाज येत होता.

बसवप्रभूंचा हात दारावर गेला आणि तिथंच राहिला.

आवाज गोड वगैरे नव्हता. शिकवणाऱ्या बाईचा, जरा बसका, सावकाश आवाज. आजारपणाची धाप मधूनच कळत होती. कल्याण नगरीतली कसलीशी गोष्ट होती. एक म्हातारी मोळी घेऊन बाजारात येते, कुणी तिला वाट देत नाही. "तेवढ्यात," आवाज म्हणाला, "गर्दीतून पुढं आले ते..."

आणि आवाज थांबला. नुसती शांतता.

आत लिंगम्मा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. तिचं बोट चिंचोक्यावर होतं. तिनं मान डोलवली आणि म्हणाली, "बसवण्णा."

"व्हय, तेच," आवाज म्हणाला, आणि गोष्ट पुढं सुरू झाली.

बसवण्णा म्हणजे बसवेश्वर, आणि त्यातही नवऱ्याचंच नाव. ते जिथं जिथं यायचं तिथं उमादेवीबाईंनी जागा मोकळी सोडली होती. आधी समोरासमोर वाचताना सासूबाई ते नाव भरायच्या, सून पुढं वाचायची. मरणाच्या दारात बसून आवाज भरतानाही बाईंनी ती रीत मोडली नाही. सासू पलीकडं ऐकत असणार, नाव घेणार, एवढी खात्री धरून त्या प्रत्येक ठिकाणी थांबल्या, आणि न ऐकताच त्यांनी त्यावर व्हय म्हणून ठेवलं.

बसवप्रभूंनी दार लोटलं. कडी वाजली. म्हातारीनं दचकून लॅपटॉप पोटाशी धरला आणि तोंड दाराकडं वळवलं. पाऊल कुणाचं ते तिला कळलं होतं.  लेकराला मार बसू नये म्हणून पाठीशी घालावं तसं तिनं दोन्ही हातांनी ते यंत्र झाकून घेतलं. आवाज तिच्या पदराखालून येतच राहिला.

मोळी खाली ठेवली गेली. म्हातारीला पाणी दिलं गेलं. "मग तिनं विचारलं, बाबा, तुझं नाव काय? तर ते म्हणाले, आई, माझं नाव..."

आवाज थांबला.

लिंगम्मा गप्प होती. आज तिच्या तोंडून नाव निघेना. समईची वात तडतडली. भिंतीपलीकडं यल्लम्माच्या हातातल्या भाकरीची थापथूप ऐकू येत होती.

बसवप्रभु उंबऱ्यावरच खाली बसले. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी नाव घेतलं. इतक्या हळू की आधी जयंतीला ते ऐकूच आलं नाही.

"बसवप्रभु."

"व्हय, तेच," उमादेवीबाई म्हणाल्या.

बसवप्रभूंनी चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि श्रावणापासून राहून गेलेलं रडू तिथं उंबऱ्यावर आलं. लिंगम्मानं आपल्या अंधारात हात पुढं करून चाचपत चाचपत त्यांचं डोकं गाठलं. आवाज पुढं वाचत राहिला आणि कुणी तो बंद केला नाही.

जयंती परत फिरली, तर पाठीमागून त्यांनी हाक मारली. त्यांचा आवाज अजून भिजलेलाच होता.

"मॅडम, सिद्धेश्वरला सांगा. उद्या सकाळी ये म्हणावं, येताना चार्जर घेऊन ये. अव्वाजवळचा लई जुना झालाय."